कोयनेच्या पाण्याची ओढाताण

महाबळेश्वराजवळ उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला येते आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळून कराडला कृष्णेत मिसळते. त्या वळणाच्या पश्चिमेला, घाटमाथ्यापलीकडे, कोकण सुमारे पाचशे मीटर खाली आहे. ही उंची टाटांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच हेरली होती. कोयना धरणाचे काम मात्र स्वातंत्र्यानंतर सरकारने केले आणि १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज निघाली. थोडक्यात, हे जन्माने विजेचे धरण. बाकीच्या गरजा मागाहून येऊन बसल्या.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाचा उतार जिथे बदलतो त्या उंचीवर आडव्या भेगा पडल्या. नंतर पाठीमागून काँक्रीटचा आधार देऊन धरण मजबूत केले गेले. पुढे दरवाजांची उंची वाढवून साठा ९८.७८ वरून १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) झाला.

खरा लगाम कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाचा. पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीच वळवायचे. हिशेब १ जून ते ३१ मे. म्हणजे दिवसाला सरासरी ०.१८ टीएमसी. वीज प्रकल्पाचा हजार मेगावॅटचा चौथा टप्पा म्हणूनच सकाळ-संध्याकाळच्या चढ्या मागणीला चालवायचा असतो. त्याच्यासाठी १९९९ मध्ये तलाव रिकामा न करता खालून बोगदा आणून शेवटचा खडक सुरुंगाने उडवला, आणि २०१२ मध्ये आणखी खालच्या पातळीवर तसेच दुसरे तोंड उघडले.

सांगलीकडच्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांना पाणी जाते ते पूर्वेला. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या पायथा वीजगृहाचे दोन्ही संच मिळून २१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) सोडतात. चोवीस तासांत तेही ०.१८ टीएमसीच. पण पोफळीतून उतरलेले पाणी कोळकेवाडीत दुसऱ्यांदा वीज देते, पायथ्याच्या पाण्याला तेवढी उंचीच नाही. पाऊस तोकडा पडला की वीज आणि शेती यांत जुंपते ती इथे.

पावसाळ्यात उलटा पेच. ऑक्टोबरपर्यंत धरण भरायला हवे, पण ऑगस्टमध्येच काठोकाठ भरले तर पुराला जागा उरत नाही. म्हणून कुठल्या तारखेला किती पातळी, हे आधी ठरलेले असते. पातळी चढू लागली की आधी पायथा वीजगृह सुरू होते आणि भोंगा वाजवून मग सहा वक्र दरवाजे फुटाफुटाने उचलले जातात. उशीर झाला तर थोडे थोडे सोडायचे पाणी एकदम सोडावे लागते आणि कराड-सांगलीत कृष्णेच्या फुगवट्याला येऊन भिडते.

पर्यटन या रांगेत शेवटचे. शिवसागरात, म्हणजे धरणाच्या जलाशयात, तापोळा, बामणोलीला बोटी चालतात, २०२४ मध्ये मुनावळ्याला जलक्रीडा केंद्रही झाले. भिंतीजवळ मात्र सुरक्षेसाठी बोटींना मज्जाव. शिवाय लवादाच्या हिशेबात पर्यटनाला वाटा नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पाणी मागे सरले की बोटीचा धक्का पाण्यामागे हलवायचा, पातळी कुणी राखून ठेवत नाही.