चांदीचे जुने चषक: घडण, मुलामा आणि दुरुस्ती

मिस्सेत (कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेत) द्राक्षारसासाठी वापरला जाणारा जुना चषक एकसंध दिसत असला, तरी तो पेला, गाठ असलेला दांडा आणि बैठक अशा स्वतंत्र भागांचा असतो. हे भाग बहुधा आतून जाणाऱ्या आट्यांच्या सळईने व बैठकीखालच्या चाकीने (नटने) जोडलेले असतात. त्यामुळे पेला डगमगू लागला तर पुष्कळदा केवळ ती चाकी आवळणे पुरते. तेथे कथील-शिशाचा डाख कृपया कोणाकडूनही लावून घेऊ नये, कारण पुढे ती जागा तापवताना शिसे चांदीत उतरून तिला खड्डे पाडते आणि ते नुकसान भरून काढणे फार कठीण असते.

पेला सपाट पत्रा ठोकून उठवलेला असतो. ठोक्यांनी चांदी कडक होते, म्हणून कारागीर ती पुन्हा पुन्हा तापवून मऊ करीत असे. बैठकीवरील द्राक्षवेली व देवदूतांची मुखे घडवताना पत्रा राळेवर बसवून मागून उठाव दिला जाई आणि मग पुढून बारीक छिन्न्यांनी रेषा कोरल्या जात. बैठक उलटी धरून पाहिल्यास त्याच नक्षीचे खोलगट ठसे आतून दिसतात. चषक दुरुस्त करणारे म्हणून आमच्या मते हाताच्या कामाची याहून सोपी खूण नाही. दांड्यावरची गाठ शोभेपुरती नाही. जुन्या लॅटिन विधीत ख्रिस्तप्रसादाची भाकर हाताळून ती पवित्र केल्यानंतर धर्मगुरू अंगठा व तर्जनी जुळवूनच ठेवीत, त्यामुळे चषक उरलेल्या बोटांनी उचलताना गाठीचा आधार मिळे.

गोव्यात १५६७ साली भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने चर्चच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली होती. अशी बंदी घालावी लागली, यावरूनच हे काम कोणाच्या हाती होते ते कळते. स्थानिक सोनारांचे कसब पाहायचे असल्यास बॉम जीझस बॅसिलिकातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिव अवशेषांची चांदीची पेटी अवश्य पाहावी. ती १६३६-३७ मध्ये गोव्यातच घडली असून तिच्या पत्र्यांवर संतांच्या चरित्रातील प्रसंग उठावात कोरलेले आहेत.

सोन्याहून कमी मोलाच्या धातूचा चषक आतून सोन्याचा मुलामा दिलेला असावा, असा चर्चचा सर्वसाधारण नियम आहे. पूर्वी सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप देत आणि तापवून पारा उडवून लावत. ही पद्धत कारागिराच्या जिवावर बेतणारी असल्याने आम्ही ती वापरत नाही. विजेच्या साहाय्याने दिलेला आमचा मुलामा तुलनेने पातळ असतो, हे आधीच सांगितलेले बरे.

हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदी काळवंडते. दंतमंजनाने किंवा राखेने घासल्यास काळेपणाबरोबर कोरीव रेषांची धारही झिजते, आणि खोबणींतला काळसरपणा तर आम्ही मुद्दामच राहू देतो, कारण त्यामुळेच उठाव नजरेत भरतो. चषक आमच्याकडे आणताना घासू नये, स्वच्छ सुती कापडात गुंडाळावा, रबरबँड लावू नये (रबरातही गंधक असते) आणि निखळलेली चाकी किंवा तुकडा कितीही क्षुल्लक वाटला तरी सोबत आणावा.