उपाशी ठेवल्यावर सापडलेले जिवाणू

दिवाळी आटोपली आणि मी नागनदीच्या काठावरून डबाभर काळा गाळ घेऊन आलो. नागपूरला नाव देणारी ही नदी लावा गावच्या टेकड्यांकडून येते, अंबाझरी तलावाचं जास्तीचं पाणी घेते आणि शहर पार करून कन्हान नदीकडे जाते. वाटेत तिचं काय होतं, ते कुठल्याही पुलावर उभं राहा, नाकाला कळतं. गाळात वर्तमानपत्राचे कपटे, खडूचा चुरा आणि अंड्याचा बलक कालवला. उंच काचेच्या बरणीत भरून वर चार बोटं पाणी ठेवलं, झाकण सैल लावलं आणि बरणी खिडकीत ठेवून दिली. शेजारच्या काकूंनी पाहिलं. "हे काय नाल्याची घाण घरात आणून ठेवली बाप्पा?"

घाणच ती. पण दोनेक महिन्यांत तिला रंग चढले. वर हिरवी साय, खाली तांबूस-जांभळट पट्टा, त्याखाली फिकट हिरवा आणि तळाशी डांबरासारखा काळा. तळाला प्राणवायू पोहोचत नाही. तिथले काही जिवाणू कागद कुजवतात, तर काही सल्फेटवर, म्हणजे गंधकाच्या क्षारांवर, गुजराण करून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. पुलावर नाक मुरडायला लावतो तो हाच वायू. तो लोहाशी जुळला की गाळ काळा पडतो. आणि वरचे जांभळे-हिरवे जिवाणू हाच कुबट वायू आणि खिडकीतलं ऊन घेऊन स्वतःचं अन्न बनवतात. एकाचं उष्टं दुसऱ्याचं ताट!

ही बरणी जगभर सर्गेई विनोग्राद्स्कीच्या नावाने ओळखली जाते. १८५६ मध्ये कीव्हला जन्मलेला हा माणूस आधी सेंट पीटर्सबर्गच्या संगीतशाळेत पियानो शिकत होता. मग विज्ञानाकडे वळला, आणि १८८७ मध्ये स्ट्रासबुर्गला गंधकाच्या झऱ्यातले पांढरे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसला. या बेगिआटोआ जिवाणूंच्या पोटात गंधकाचे चमकते कण दिसत. हायड्रोजन सल्फाइडचं पाणी दिलं की कण वाढत, बंद केलं की विरून जात. ना ऊन, ना साखर. वायू 'जाळून' ऊर्जा मिळवणारा जीव असू शकतो, हे त्याला इथे उमगलं.

त्याची खरी कमाल मात्र पुढची. मातीत अमोनियाचं नायट्रेट, म्हणजे पिकांना चालणारं नत्राचं रूप, होतं, आणि ते जिवंत काहीतरी करतं, हे १८७७ मध्ये पॅरिसला श्लोसिंग आणि म्युंत्झ यांनी दाखवलं होतं. तेही वाळूच्या नळीतून गटाराचं पाणी झिरपवून! क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की काम थांबे. पण करणारा कोण, ते कुणाला पकडता येईना. त्या काळची रीत म्हणजे जिलेटिनवर जिवाणूंना पोटभर खाऊ घालायचं आणि जे उगवेल ते उचलायचं. झुरिकमध्ये विनोग्राद्स्कीने उलटं केलं. सेंद्रिय अन्न काढूनच टाकलं, ठेवलं फक्त अमोनियाचं मीठ आणि खनिजं. जिलेटिनवर जिथे काहीच उगवलं नव्हतं, तिथला अंश उचलून पाहिला, तर गुन्हेगार तिथेच होता. १८९० च्या आसपास कोडं सुटलं. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. दोघेही हवेतला कर्बवायू घेऊन शरीर बांधतात, तेही अंधारात. (दोन्ही कामं एकहाती करणारा नायट्रोस्पायरा गटातला जिवाणू सापडायला थेट २०१५ साल उजाडलं.)

नागपुरातल्या भांडेवाडीच्या प्रकल्पात शुद्ध झालेलं आपलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. अशा प्रकल्पांच्या टाक्यांत हवा फुंकतात ती कशासाठी? घाण कुजवणाऱ्यांसाठी तर खरीच, पण अमोनिया संपवणाऱ्या या मंद, हट्टी मंडळींसाठीही. ती दमानं वाढतात, म्हणून गाळ घाईने काढून टाकला की आधी हीच वाहून जातात.

शेतात मात्र त्यांचा वेग नको असतो. कपाशीला दिलेला युरिया अमोनियम होतो, त्याचं नायट्रेट झालं की पावसात ते खाली झिरपतं आणि शेतकऱ्याचे पैसेही सोबत जातात. कडुनिंबाचं तेल या जिवाणूंना जरा सुस्त करतं. २०१५ पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबाचं लेपन सक्तीचं झालं, त्यामागचं एक कारण हे.

विनोग्राद्स्की स्वतः १९०५ च्या सुमारास प्रयोगशाळा सोडून जमीनदारी सांभाळायला गेला. रशियन क्रांतीत तीही गेली. १९२२ मध्ये, वयाच्या पासष्टी-सहासष्टीत, पाश्चर इन्स्टिट्यूटने त्याला बोलावलं आणि पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेरमध्ये तो पुन्हा मातीत हात घालून बसला. यावेळी त्याचा हट्ट वेगळा होता. बाटलीतला लाडावलेला जिवाणू नको, मातीत आहे तसा पाहायचा. मातीवरच्या कामाचा त्याचा जाडजूड संग्रह १९४९ मध्ये आला, तेव्हा तो ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षांचा होता. १९५३ मध्ये तो गेला.

माझ्या बरणीतला जांभळा पट्टा आता खिडकीच्या बाजूलाच दाट झालाय, भिंतीकडे विरळ. परवा काकूंनी स्वतःहून बरणी फिरवून ठेवली. "ऊन त्या बाजूलाही लागू दे की जरासं."