मानसशास्त्रीय प्रयोगांतील विद्यार्थी-प्रयुक्त

मानसशास्त्रीय संशोधनात प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग केला जातो ती व्यक्ती) म्हणून स्वेच्छेने किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सहभागी होणारे विद्यापीठीय विद्यार्थी. मोबदला रोख किंवा श्रेयांकांच्या रूपात मिळतो.

या प्रथेचा उगम सामान्यतः जर्मन मानसशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म व्हुंट यांच्या लाइपसिक येथील प्रयोगशाळेत मानला जातो. तिचे स्थापनावर्ष १८७९ असे दिले जाते. मात्र उपकरणांसाठी खोली व्हुंट यांना त्याच्या काही वर्षे आधीच मिळाली होती आणि विद्यापीठाची औपचारिक मान्यता बरीच नंतरची, त्यामुळे हे वर्ष सोयीपुरते धरावे. शिवाय लाइपसिकमधील विद्यार्थी हे आजच्या अर्थाने प्रयुक्त नव्हते. ते स्वतः संशोधक होते. प्रयोगकर्ता आणि निरीक्षक (स्वतःच्या अनुभवाचे निरीक्षण करून ते सांगणारा) या भूमिका ते आळीपाळीने घेत, खुद्द व्हुंटही निरीक्षकाच्या जागी बसत. आत्मनिरीक्षणाला सराव लागतो, या समजुतीमुळे निरीक्षकाचे काम दुय्यम मानले जात नसे. मानसशास्त्राचे इतिहासकार कुर्ट डॅन्झिगर यांनी १९९० मध्ये याच्या बरोबरीने आणखी दोन परंपरा दाखवल्या: पॅरिसमधील संमोहनाचे प्रयोग, ज्यांत वैद्य व रुग्ण यांचे नाते तसेच टिकून राहिले; आणि फ्रान्सिस गॉल्टन यांची लंडनमधील मानवमापन प्रयोगशाळा (१८८४), जिथे लोक तीन पेन्स भरून स्वतःची मोजमापे करून घेत. निनावी, समूहाच्या सरासरीत विरघळणारा आजचा प्रयुक्त लाइपसिकपेक्षा या दोन परंपरांना जवळचा आहे. पाठ्यपुस्तकांतील सरळ वंशावळीपेक्षा ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते.

पदवीचे विद्यार्थी सर्रास कधीपासून वापरले जाऊ लागले, याला एक वर्ष देता येत नाही. पुढे लेखिका म्हणून गाजलेल्या गर्ट्रूड स्टाइन यांच्या १८९८ च्या शोधनिबंधात हार्व्हर्ड व रॅडक्लिफ येथील विद्यार्थी प्रयुक्त आहेत. १९४६ पर्यंत परिस्थिती अशी होती, की मानवी वर्तनाचे विद्यमान शास्त्र म्हणजे मुख्यतः महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांच्या वर्तनाचे शास्त्र होय, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्विन मॅकनेमार यांनी लिहिले. फेस्टिंगर व कार्लस्मिथ यांच्या बोधात्मक विसंगतीवरील (मत व कृती यांत मेळ नसल्याने येणाऱ्या अस्वस्थतेवरील) प्रसिद्ध प्रयोगात (१९५९) स्टॅनफर्डच्या प्रास्ताविक वर्गातील ७१ मुलगे होते. ठराविक तास प्रयोगांना बसणे हा त्या वर्गाचा नियमच होता. याला ‘स्वेच्छा’ म्हणावे का, हा प्रश्न उरतोच.

आक्षेप दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रातिनिधिकतेचा: जेफ्री आर्नेट (२००८) यांनी तपासलेल्या अमेरिकी नियतकालिकांत बहुसंख्य प्रयुक्त अमेरिकन निघाले, तर जोसेफ हेन्रिक व सहकाऱ्यांनी (२०१०) पाश्चात्त्य, सुशिक्षित, सधन समाज हा जगात अपवादात्मक असल्याचे दाखवले. दुसरा आक्षेप स्वयंसेवकाच्या स्वभावाचा आहे. रोझेन्थल व रॉस्नो (१९७५) यांच्या मते आपणहून पुढे येणारे लोक सरासरीपेक्षा अधिक शिकलेले, मिळूनमिसळून वागणारे आणि मान्यतेची गरज अधिक असणारे असतात. सत्राच्या अखेरीस, तास भरून काढण्यापुरते येणारे विद्यार्थी निष्कर्ष बिघडवतात, ही प्रयोगशाळांतील जुनी तक्रार मात्र अनेक विद्यापीठांच्या एकत्रित चाचणीत (२०१६) फारशी टिकली नाही.

सहभाग हा श्रेयांकाचा भाग असेल तर विद्यार्थ्यास समतुल्य पर्यायी काम उपलब्ध असावे, असे अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेची आचारसंहिता सांगते.

भारतात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग प्रथम कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्या नेतृत्वाखाली निघाला (१९१५ किंवा १९१६). महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थी जोडीने बसतात. एकजण प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त, मग अदलाबदल. आरशातील आरेखन आणि म्यूलर-लायर भ्रम (टोकांच्या बाणांमुळे सारख्या रेषा लहानमोठ्या दिसणे) हे त्यांतले नेहमीचे प्रयोग. भूमिकांची ही अदलाबदल लाइपसिकची आठवण करून देते, पण तिचा हेतू प्रशिक्षणाचा असतो, संशोधनाचा नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, वरिष्ठांच्या अधिकाराखाली असल्याने दबाव येऊ शकणाऱ्या गटांत विद्यार्थ्यांचाही समावेश होतो.