पऱ्हाटीचे रसायन: नागपुरातील जैवभार संशोधनाची पार्श्वभूमी

कापसाची वेचणी संपली की विदर्भाच्या शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उरते, हेक्टरी साधारण २ ते ३ टन. थोडी चुलीत जाते, थोडी कुंपणाला लागते आणि बाकीची धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पेटवून दिली जाते. उभ्या पऱ्हाटीत आणि न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून ती वेळेत उपटावी असे कृषितज्ज्ञ सांगत आले आहेत. पण उपटल्यानंतर तिचे करायचे काय, याचे उत्तर शेतकऱ्याच्या हाती फारसे नसते. भंडारा-गोंदियाकडचे धानाचे तणस आणि सोयाबीनचे कुटार यांचीही गोष्ट बरीचशी अशीच आहे. जैवभारापासून, म्हणजे अशा वनस्पतिजन्य अवशेषांपासून, ऊर्जा आणि रसायने मिळवण्याचे संशोधन नागपुरात का रुजावे, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेआधी हा धुरा पाहिलेला बरा.

शास्त्राच्या बाजूने प्रश्न दोनशे वर्षांचा आहे. फ्रेंच रसायनज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८१९ मध्ये लिनन कापडाच्या जुन्या चिंध्यांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून साखर मिळवली आणि काष्ठमय पदार्थात साखर बंदिस्त आहे हे दाखवून दिले. ती सोडवून घेणे मात्र स्वस्त नव्हते, कारण साखरेच्या साखळ्यांनी बनलेल्या सेल्युलोजच्या तंतूंभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या वनस्पतीतील इतर घटकांचे घट्ट आवरण असते, आणि आम्लाने साखर सुटते तशी ती पुढे नासतेही. दुसरा मार्ग सापडला तो युद्धात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड एका बुरशीने खाऊन टाकले. त्या बुरशीचा, म्हणजे ट्रायकोडर्मा रीसाय हिचा, अभ्यास करताना सेल्युलोज तोडणारी विकरे (एन्झाइम) हाती लागली. कापसाचा शत्रू पुढे पऱ्हाटीच्या उपयोगाचा आधार व्हावा, हा योग विदर्भाच्या वाचकाला विशेष वाटेल.

नागपुरातील धागा देणगीपासून सुरू होतो. मँगनीजच्या खाणींवर संपत्ती मिळवलेले कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० च्या मृत्युपत्राद्वारे सुमारे ३५ लाख रुपये उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिले, आणि त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. रासायनिक अभियांत्रिकीबरोबर तेले, अन्न, कागद आणि लगदा हे विषय येथे शिकवले गेले. माझ्या मते कागदाचा विषय या इतिहासात जितका मोजायला हवा तितका मोजला जात नाही. लाकूड शिजवून लगदा वेगळा केल्यावर उरणारे लिग्निनयुक्त ब्लॅक लिकर जाळून वाफ करायची आणि त्यातील रसायने परत मिळवायची, ही कागद गिरण्यांची पद्धत म्हणजे जैवभारापासून इंधन आणि रसायने काढणाऱ्या आजच्या जैव-शुद्धीकरण कारखान्याचे (बायोरिफायनरी) जुने रूपच होय.

ऊर्जेचा आग्रह नंतर आला. १९७३ च्या तेलसंकटाने देशाचे लक्ष इकडे वळले, १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग झाला, आणि गोबरगॅसपुरता मर्यादित असलेला विचार वायुकरण (जैवभार तापवून त्याचा ज्वलनशील वायू करणे) व उष्णविघटन (हवेविना तापवून त्याचे विघटन करणे) यांकडे सरकला. पुढे २०१८ च्या जैवइंधन धोरणाने शेतातील अवशेषांतली साखर आंबवून मिळणाऱ्या इथेनॉलला बळ दिले; २०२२ मध्ये पानिपतला तणसावर चालणारा, रोज १ लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. कोळशाच्या वीजकेंद्रांनी सुमारे ५ टक्के जैवभार मिसळावा हे धोरण २०२१ चे. कोराडी आणि खापरखेडा ही कोळशाची वीजकेंद्रे नागपूरच्या उंबरठ्यावर असल्याने त्याचा अर्थ येथे लगेच कळतो.

अडचण बहुधा रसायनाची नसून वाहतुकीची असते. पऱ्हाटी हलकी आणि पसरट. ट्रक भरतो, पण वजन होत नाही. कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर येथील जिनिंग प्रशिक्षण केंद्रात पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवले गेले, तेव्हाही उपटणे, गोळा करणे, तुकडे करणे आणि वाहून नेणे या कामांचा हिशेब आधी मांडावा लागला होता.