वणव्याचे दोन राजदूत: टोपीवालं अस्वल आणि मुठीएवढा पक्षी

अमेरिकेत वणव्याची गोष्ट सांगायला प्राण्यांचे पुतळे आणि स्मारकं उभारली आहेत, आणि ती सगळी एकच गोष्ट सांगतात असा पाहणाऱ्यांचा समज होतो. तसं नाही. मिनेसोटातल्या इंटरनॅशनल फॉल्स गावात स्मोकी बेअरचा सुमारे 26 फुटी पुतळा आहे. मिशिगनमधल्या मिओ गावात किर्टलंड्स वॉर्ब्लर या चिमुकल्या पक्ष्याचं स्मारक आहे. दोघांचाही संबंध आगीशीच, पण एक आगीच्या आधीचं बोलतो आणि दुसरा नंतरचं.

स्मोकीला नीट बघा. डोक्यावर रेंजरची टोपी, अंगात जीन्स, हातात फावडं. जंगलातलं अस्वल असं नसतं. हा अस्वलाच्या कातड्यातला माणूस आहे. त्याचा निरोपही माणसांनाच आहे: शेकोटी विझवून जा, पेटती काडी टाकू नका. 1944 साली अमेरिकी वनखातं आणि जाहिरात परिषदेने हे पात्र आणलं. त्याआधी पोस्टरवर एका गाजलेल्या कार्टूनमधलं हरणाचं पाडस होतं, पण ते वर्षभरासाठीच उसनं मिळालेलं. म्हणजे प्राणी कुठलाही चालला असता. 1950 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या कॅपिटनजवळच्या वणव्यात पंजे भाजलेलं एक खरंखुरं पिल्लू सापडलं, त्याला स्मोकी नाव दिलं, आणि 1976 मध्ये मरेपर्यंत ते वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात राहिलं. त्या पिल्लामुळे लोकांना माया वाटली खरी, पण अस्वलं जंगलात कशी जगतात, जळालेल्या रानाचं पुढे काय होतं, याबद्दल स्मोकी चकार शब्द काढत नाही. ते त्याचं कामच नव्हतं.

वॉर्ब्लरच्या जागी मात्र दुसरा कुठलाही पक्षी चालणार नाही. जेमतेम पंधरा सेंटिमीटरचा, निळसर करड्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा हा पक्षी जवळजवळ फक्त जॅक पाइन या सूचिपर्णी झाडाच्या तरुण रानातच विणीला येतो, आणि तेही रेताड जमिनीवर. घरटं झाडावर नाही, जमिनीवर, जमिनीला टेकलेल्या खालच्या फांद्यांच्या आडोशाला. झाडं साधारण 5 ते 20 वर्षांची असेपर्यंतच हे जमतं. पुढे उंची वाढते, सावलीने खालच्या फांद्या वाळून गळतात, आडोसा जातो आणि पक्षी ते रान सोडतो. आता तरुण रान येणार कुठून? जॅक पाइनचे बरेचसे शंकू, म्हणजे बी असलेली खवलेदार बोंडं, राळेने घट्ट चिकटलेले असतात आणि वर्षानुवर्षं झाडावर तसेच बंद राहतात. आगीच्या धगीने राळ वितळते, खवले उघडतात आणि बी नुकत्याच मोकळ्या झालेल्या जमिनीवर पडतं. आग नाही तर नवं रान नाही, आणि नवं रान नाही तर वॉर्ब्लर नाही.

1935 पासून वनखात्याचा दंडक होता की आग लागल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आणायची. इकडे मिशिगनमध्येही वणवे आवरले जात होते. 1961 मध्ये या पक्ष्याचे 502 गाणारे नर मोजले गेले होते. 1971 मध्ये उरले 201. सगळा दोष आग विझवणाऱ्यांच्या माथी मारता येणार नाही. कोकिळेसारखा परक्या घरट्यात अंडी घालणारा काऊबर्डही तिथे पसरला होता, आणि 1972 पासून त्याला सापळे लावावे लागले. पण नुसत्या सापळ्यांनी आकडा वाढला नाही. 1987 मध्येही नर 167 च होते.

मग स्मोकी चुकला का? माझ्या मते नाही. त्याचं बोलणं लोकांनी ताणलं. निष्काळजीपणे आग लावू नका याचा अर्थ कुठलीच आग नको असा लावला गेला. 2001 मध्ये मोहिमेच्या घोषवाक्यातले शब्दही बदलले, कारण वनखातं स्वतः ठरवून, राखून लावतं त्या आगीला त्याचा विरोध आहे असं वाटू नये.

उलट बाजूची गल्लतही तितकीच वाईट. वॉर्ब्लरचं स्मारक पाहून आग म्हणजे जंगलाची हितचिंतक असं मानणाऱ्याने मिओजवळच्या मॅक लेकची हकिगत ऐकावी. 5 मे 1980 रोजी याच पक्ष्यासाठी रान तयार करायला लावलेली नियोजित आग हाताबाहेर गेली. सुमारे 24 हजार एकर जळालं, 44 घरं गेली, आग विझवताना वनखात्याच्या एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. आणि काही वर्षांनी त्याच जळालेल्या पट्ट्यात कोवळी जॅक पाइन दाटली, तिथे वॉर्ब्लर आले आणि 1990 च्या दशकात त्यांची संख्या झपाट्याने वाढली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरीची भरपाई होत नाही.

2019 मध्ये हा पक्षी अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला, पण केवळ वणव्याच्या जिवावर नव्हे. वस्तीजवळ आग लावणं धोक्याचं, म्हणून आता बहुतेक ठिकाणी जुनी झाडं तोडून जॅक पाइनची रोपं लावतात, मधेमधे मोकळी जागा सोडून. वॉर्ब्लरला ही लागवड चालते. जळक्या उभ्या खोडांतल्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर पोट भरणाऱ्या काळ्या पाठीच्या सुतारपक्ष्याला मात्र तिथे फारसं काही मिळत नाही.