टूलचं वर्णन: हुंडीच्या मजकुरापासून एआय एजंटपर्यंत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असताना कुणी ‘पन्नास आहेत’ म्हणालं, तर ती पोती, हे वेगळं सांगावं लागत नाही. भाव मात्र क्विंटलचा बोलला जातो. गोंधळ कुणाचाच होत नाही, कारण सगळे यार्डातलेच. गेल्या हंगामात आम्ही दोघा मित्रांनी गोदामातल्या हळदीच्या पावत्या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर राहणाऱ्या सामायिक खातेवहीत, टोकन (डिजिटल नोंदी) म्हणून ठेवायचा प्रयोग केला आणि कामाला एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पार पाडणारा प्रोग्राम, लावला. चाचणीच्या नेटवर्कवर त्याला पन्नास यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं डिजिटल चलन) पाठवायला सांगितले. व्यवहार यशस्वी झाला, पण पोचले ०.००००५. एजंट ज्यातून काम करतो त्या टूलच्या वर्णनात आम्ही एवढंच लिहिलं होतं: ‘दिलेल्या पत्त्यावर रक्कम पाठवते.’ रक्कम कशात मोजायची, ते लिहायचं राहिलं होतं.

ही चूक आमची. पण तिची मुळं जुनी आहेत.

लांबच्या माणसावर कागद सोपवून पैसे चुकते करायचे, तर तो कागद स्वतःच पुरेसा बोलका हवा, हे हुंडी, म्हणजे जुन्या व्यापाऱ्यांची पैसे देण्याची चिठ्ठी, लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. हुंडीत रक्कम आकड्यात असे, अक्षरी असे, वर ‘निमे पन्नास, त्याचे दुप्पट’ अशीही असे. शंभराचे हजार करायचे म्हटले तर तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागे. पैसे कुणाला द्यायचे तेही हुंडीच सांगे. शाहजोग हुंडी पतदार आसामीलाच चुकती व्हायची.

संगणकाच्या जगात वर्णन लिहिलं गेलं ते माणसासाठी. युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली पुस्तिका १९७१ची. पुढे वेब सेवांचं वर्णन लिहायचा साचा म्हणून २००१च्या सुमारास डब्ल्यूएसडीएल आलं, मग स्वॅगर, आणि त्याचंच पुढे ओपनएपीआय झालं. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत होती: वाचणारा प्रोग्रामर आहे. अडलं तर तो विचारेल, करून बघेल, मग कोड लिहील. त्यामुळे वर्णन त्रोटक असलं तरी निभावून जायचं.

इथेरियम या ब्लॉकचेनचं नेटवर्क ३० जुलै २०१५ला सुरू झालं. तिथल्या कॉन्ट्रॅक्टशी (ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रामशी) बोलायचं ते एबीआय नावाच्या यादीतून. फंक्शनचं नाव, आत काय जातं, बाहेर काय येतं, हेच तिच्यात मुख्यतः असतं. एखादा आकडा २५६ बिटांचा पूर्णांक आहे हे ती सांगते. तो पोती आहे की क्विंटल, हे सांगत नाही. टोकनसाठीचं ईआरसी-२० मानक त्याच वर्षी मांडलं गेलं. त्यात दशांश स्थळं सांगणारं फंक्शन ऐच्छिक ठेवलं आहे. इथरला १८ स्थळं, यूएसडीसीला ६. म्हणजे पन्नास यूएसडीसी पाठवायचे तर कॉन्ट्रॅक्टला ५,००,००,००० हा आकडा द्यावा लागतो. आमच्या एजंटने ५० दिला.

कॉन्ट्रॅक्ट ज्या भाषेत लिहितात त्या सॉलिडिटीत यावर उपाय सुरुवातीपासून होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नॅटस्पेक नावाच्या टिपांमध्ये एक भाग वापरणाऱ्यासाठी असतो, एक प्रोग्रामरसाठी. कल्पना अशी की सही करण्यापूर्वी वॉलेटने (टोकन सांभाळणाऱ्या आणि व्यवहारावर सही करणाऱ्या अ‍ॅपने) माणसाला साध्या वाक्यात सांगावं, या सहीने काय होणार आहे. प्रत्यक्षात बहुतेक वॉलेटांनी कित्येक वर्षं हेक्स, म्हणजे यंत्राच्या सोयीच्या, आकड्यांच्या माळाच दाखवल्या. लोकांनी न वाचता आपली टोकन हवी तेवढी काढून घ्यायच्या अमर्याद परवानग्या दिल्या आणि कित्येकांची खाती रिकामी झाली.

मग वाचणारा बदलला. जून २०२३मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग आणलं: टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्स (टूलला कोणती माहिती द्यायची ते) एआय मॉडेलला द्यायचे, कोणतं टूल कधी वापरायचं ते मॉडेल ठरवणार. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे मॉडेलला टूल जोडायचे सामायिक नियम, खुला केला. त्याच महिन्यात कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीने एजंटकिट आणलं आणि एजंटच्या हाती वॉलेट आलं. आता वर्णन प्रत्येक संभाषणात मॉडेलसमोर जातं. टूल निवडताना त्याच्यापुढे दुसरं फारसं काही नसतं. ब्लॉकचेनवर पक्का झालेला व्यवहार मागे फिरत नाही, म्हणून इथे त्रोटकपणाची किंमत थेट पैशांत मोजावी लागते.

वर्णनाचा उलटा उपयोगही झाला. एप्रिल २०२५मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या एआय सुरक्षेच्या कंपनीने दाखवलं की वर्णनात लपवलेली सूचना मॉडेल आज्ञा म्हणून पाळू शकतं. त्याच सुमारास मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये ‘फक्त वाचणारं’, ‘मोडतोड करू शकणारं’ असे शेरे टूलला जोडायची सोय आली. पण अनोळखी सर्व्हरने (टूल पुरवणाऱ्या संगणकाने) लावलेल्या शेऱ्यांवर भरवसा ठेवू नये, असं तिथेच बजावलं आहे.

आमच्या टूलचं वर्णन आता असं आहे: ‘यूएसडीसी पाठवते. रक्कम सर्वांत लहान एककात द्यावी. १ यूएसडीसी म्हणजे १०,००,०००. व्यवहार परत घेता येत नाही. पाठवण्यापूर्वी रक्कम आणि पत्ता वापरणाऱ्याला दाखवून होकार घ्यावा. शिल्लक पाहण्यासाठी हे टूल वापरू नये.’

मराठीची एक अडचण त्यानंतर समोर आली. ‘माल काढ’ असं शेतकरी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा माल विकायचा असतो. एजंटने त्याचा अर्थ गोदामातून उचल असा घेतला आणि पावतीचं टोकन रद्द करायला निघाला. म्हणून विक्रीला लावणं आणि उचल करणं अशी दोन टूल वेगळी केली, आणि बोलण्यात ‘काढणे’ हा शब्द आला तर आधी विचारावं, असं दोन्हींच्या वर्णनात लिहून ठेवलं.