अमेरिकन फुटबॉलमधील दुखापती, संघयादी आणि प्लेऑफचे गणित

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या व्यावसायिक स्पर्धेत संघ प्लेऑफपर्यंत पोहोचणार की नाही, हे खेळाडूंच्या कौशल्याइतकेच दोन गोष्टींवर ठरते : हंगामात कोण जायबंदी होतो, आणि त्याच्या जागी उभे राहण्यासाठी संघाने कोणाला सांभाळून ठेवले आहे. कोल्हापूरच्या तालमींचा किंवा गोव्याचा फुटबॉल तो हा नव्हे. येथे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा असतो आणि समोरच्याला अंगावर जाऊन पाडणे हा नियमानेच मान्य असलेला भाग आहे. त्यामुळे दुखापत हा या खेळात अपवाद नसतो. प्रत्येक संघ ती होणारच असे धरून चालतो. फक्त कोणाला आणि कोणत्या आठवड्यात, एवढेच ठाऊक नसते.

लीगमध्ये 32 संघ आहेत. ते दोन कॉन्फरन्समध्ये आणि प्रत्येक कॉन्फरन्स चार-चार संघांच्या चार गटांत विभागलेली आहे. 2021 पासून प्रत्येक संघ 18 आठवड्यांत 17 सामने खेळतो. 2020 पासून प्लेऑफमध्ये 14 संघ जातात : प्रत्येक कॉन्फरन्समधून चार गटविजेते आणि उरलेल्यांतले सर्वांत सरस तीन. पहिल्या फेरीत विश्रांती मिळते ती फक्त कॉन्फरन्समधल्या अव्वल संघाला. पुढे सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत एक पराभव झाला की संघ घरी.

या खेळात दुखापत इतकी महागात का पडते, याचे उत्तर सामन्यांच्या संख्येत आहे. अमेरिकन बेसबॉलमध्ये संघ हंगामात 162 सामने खेळतो, बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये 82. तेथे महिनाभर बाहेर बसलेल्या खेळाडूची उणीव नंतर भरून निघते. एनएफएलमध्ये चार सामने म्हणजे जवळजवळ पाव हंगाम. आयपीएलच्या साखळीतले 14 सामने पाहणाऱ्यांना हा ताण नेमका कळेल : दोन सामने हातचे गेले की इतरांच्या निकालांकडे डोळे लावून बसावे लागते. 2008 साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) टॉम ब्रॅडी पहिल्याच सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध तुटून हंगामाला मुकला. आदल्या वर्षी साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकणारा हा संघ मॅट कॅसल या बदली क्वार्टरबॅकच्या हाताखाली 11 सामने जिंकला, तरीही प्लेऑफबाहेर राहिला, कारण मायामीनेही अकराच जिंकले होते आणि बरोबरी सोडवण्याच्या निकषांवर गटविजेतेपद मायामीकडे गेले. त्याच वर्षी 8 विजय आणि 8 पराभवांचा सॅन दिएगो आपला गट जिंकून आत गेला.

यादीचे नियम : उन्हाळी सराव शिबिरात संघाकडे 90 खेळाडू असतात. ऑगस्टअखेर ही यादी 53 वर आणावी लागते. 32 संघांचा हिशेब केला तर काही दिवसांत सुमारे 1,180 जण यादीतून गळतात. त्यांतले काही सराव पथकात परत येतात. हे पथक 16 जणांचे असते, परदेशी खेळाडूसाठी एक जागा जादा मिळते. सराव पथकातल्या खेळाडूला दुसरा कोणताही संघ आपल्या 53 मध्ये घेऊन पळवू शकतो, म्हणून चांगला राखीव खेळाडू तेथे ‘लपवणे’ हा मोठाच धोका असतो. प्रत्यक्ष सामन्यात 53 पैकी 48 पर्यंतच जणांना उतरवता येते.

गंभीर दुखापत झालेल्याला ‘इंजर्ड रिझर्व्ह’ यादीत टाकले की त्याची जागा मोकळी होते, पण तो किमान चार सामने परत येऊ शकत नाही. 2012 पूर्वी या यादीत गेलेल्याचा हंगाम तेथेच संपत असे. 2022 पासून एका हंगामात आठ वेळा खेळाडू परत आणता येतात. म्हणून प्रत्येक सोमवारी प्रशिक्षक आणि डॉक्टर यांच्यात एकच वाद चालतो : घोटा दोन आठवड्यांत बरा होईल की पाच? दोन म्हटले तर 53 मधली एक जागा अडून राहते. पाच म्हटले आणि तो दोनच आठवड्यांत धावू लागला, तर तो हाताशी असून उपयोगाचा नाही.

याला पगारमर्यादेची जोड आहे. 1994 पासून लागू असलेली ही मर्यादा 2024 साली प्रत्येक संघामागे 25 कोटी 54 लाख डॉलर होती. जायबंदी खेळाडूचा पगार तिच्यातच मोजला जातो. पहिल्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकवर मोठी रक्कम गेली की दुसऱ्यासाठी थोडीच उरते, आणि नेमका तो दुसराच डिसेंबरमध्ये संघाचे भवितव्य हाती घेऊन उभा असतो. सोडून दिलेले खेळाडू ‘वेव्हर’ पद्धतीने इतर संघांना मिळतात आणि त्यात पहिला हक्क सर्वांत दुबळ्या संघाचा असतो. जिंकणाऱ्या संघाच्या वाट्याला उरलेसुरले येते.

क्वार्टरबॅक : चेंडू प्रथम ज्याच्या हाती येतो आणि कोणाला द्यायचा हे जो ठरवतो, त्या एका जागेचे मोल बाकी सगळ्यांहून वेगळे आहे. इंडियानापोलिस कोल्ट्सचे 2011 साल याचा सर्वांत कठोर पुरावा. 2002 ते 2010 अशी सलग नऊ वर्षे हा संघ प्लेऑफमध्ये होता. मानेच्या शस्त्रक्रियेमुळे पेटन मॅनिंग पूर्ण हंगाम खेळू शकला नाही. त्याला पर्याय असा तयारच केलेला नव्हता. निवृत्त झालेल्या केरी कॉलिन्सला ऐन ऑगस्टमध्ये बोलावून आणावे लागले. पहिले तेरा सामने ओळीने हरून संघ 2-14 वर (2 विजय, 14 पराभव) थांबला. बाकीचे बरेचसे खेळाडू तेच होते. नऊ वर्षांचे यश संघाचे किती आणि मॅनिंगचे किती, हे त्या हंगामाने उघडे केले.

डॅलस काउबॉइजने हाच धडा दोन वर्षांत उलटसुलट अनुभवला. 2014 मध्ये 12-4 असलेला हा संघ 2015 मध्ये टोनी रोमोचे कॉलरबोन मोडल्यावर 4-12 झाला. त्या चारपैकी तीन विजय रोमो खेळलेल्या चार सामन्यांतले. 2016 च्या सराव सामन्यात रोमोच्या पाठीला दुखापत झाली, त्याचा पहिला पर्याय केलन मूर त्याआधीच शिबिरात पाय मोडून बसला होता. मग नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या (ड्राफ्ट) चौथ्या फेरीत घेतलेला नवखा डॅक प्रेस्कॉट उभा राहिला आणि संघ 13-3 झाला. रोमो दोन्ही वर्षी जायबंदी झाला, फरक पर्यायात होता.

माझ्या मते या विषयाचे मर्म येथे आहे : डिसेंबरमधल्या दुखापतीचे उत्तर मार्चमध्ये किंवा ऑगस्टमध्येच दिलेले असते. 1972 साली मायामीचे प्रशिक्षक डॉन शूला यांनी बाल्टिमोरने सोडून दिलेल्या अर्ल मोरॉलला वेव्हरच्या 100 डॉलरांत घेतले. पाचव्या सामन्यात बॉब ग्रीसीचा पाय मोडला. 38 वर्षांच्या मोरॉलने उरलेला साखळी हंगाम एकही पराभव न होता पार नेला. ग्रीसी प्लेऑफमध्ये परतला आणि मायामीने 17-0 असा, आजवर कोणालाही न जमलेला, संपूर्ण अपराजित हंगाम पुरा केला. 2000 साली पेट्रियट्सने सहाव्या फेरीत, एकूण 199 व्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रॅडीसाठी यादीत चौथ्या क्वार्टरबॅकची जागा अडवली. त्या वेळी ही चैनच वाटावी. पुढच्या सप्टेंबरमध्ये ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला, ब्रॅडी आत आला आणि हंगामाच्या शेवटी संघाने सुपर बोल जिंकला.

फिलाडेल्फिया ईगल्सने मार्च 2017 मध्ये निक फोल्सला राखीव क्वार्टरबॅक म्हणून परत आणले. 10 डिसेंबरला पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झचा गुडघा गेला, तेव्हा डावा टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीतला खेळाडू) जेसन पीटर्स आधीच बाहेर होता. मूळ किकरही जायबंदी झाल्याने सिनसिनाटीच्या सराव पथकातून जेक इलियटला आणले होते. सुपर बोलमध्ये फोल्सने ब्रॅडीच्याच संघाला 41-33 असे हरवले, सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, आणि शेवटच्या मिनिटांतली 46 यार्डांची किक इलियटची होती.

पण तयारीलाही तळ असतो. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने 2022 मध्ये ट्रे लान्सवर भिस्त ठेवूनही ऑगस्टअखेर जिमी गॅरोपोलोला कमी पगारावर राखले. दुसऱ्याच सामन्यात लान्सचा घोटा मोडला. डिसेंबरमध्ये गॅरोपोलोचा पाय मोडला. मग त्या वर्षीच्या निवडीतला अगदी शेवटचा, 262 वा खेळाडू ब्रॉक पर्डी आला आणि हरेचना. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात मात्र पहिल्याच चढाईत पर्डीच्या कोपराचा अस्थिबंध तुटला, त्याच्या जागी आलेल्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार बसला, आणि चेंडू फेकता न येणारा पर्डी परत मैदानात उभा राहिला. ईगल्स 31-7 ने जिंकले. त्यानंतर काही महिन्यांत संघमालकांनी नियम केला की 48 जणांच्या बाहेर आणीबाणीचा तिसरा क्वार्टरबॅक ठेवता येईल.

इतर जागा : क्वार्टरबॅकखालोखाल त्याला वाचवणाऱ्या फळीचे महत्त्व. 2020 च्या हंगामात कॅन्सस सिटी चीफ्स सुपर बोलमध्ये पोहोचले तेव्हा त्यांचे दोन्ही नेहमीचे टॅकल बाहेर होते. त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स रात्रभर जीव घेऊन पळत राहिला. टॅम्पा बेने सामना 31-9 असा जिंकला. उलट, विखुरलेल्या दुखापती खोल यादी पचवू शकते. 2010 साली ग्रीन बे पॅकर्सचे पंधराच्या आसपास खेळाडू इंजर्ड रिझर्व्हवर गेले. शेवटचे दोन्ही सामने जिंकून तो संघ सहाव्या क्रमांकाने कसाबसा आत शिरला आणि थेट सुपर बोल जिंकून थांबला. दुखापतींची नुसती संख्या म्हणूनच फसवी असते. ‘अ‍ॅडजस्टेड गेम्स लॉस्ट’ हे मोजमाप याच कारणाने नियमित खेळाडूच्या आणि राखीव खेळाडूच्या गैरहजेरीला वेगवेगळे वजन देते.

डेट्रॉइट लायन्सची 2024 ची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. ऑक्टोबरमध्ये बचावाचा आधार एडन हचिन्सन याच्या पायाची हाडे मोडली, त्यामागोमाग बचाव फळीतले एकेक जण गळत गेले. तरी संघ 15-2 करून अव्वल ठरला. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात, घरच्या मैदानावर, वॉशिंग्टनने त्यांच्यावर 45 गुण चढवले. साखळीत दुबळ्या संघांपुढे झाकलेले छिद्र जानेवारीत, प्लेऑफमध्ये, झाकत नाही.

विश्रांतीचा पेच : जागा पक्की झाल्यावर प्रमुख खेळाडू खेळवायचे की बसवायचे? 2009 मध्ये 14-0 असलेल्या कोल्ट्सने न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध आघाडीवर असताना मॅनिंगला बाहेर काढले आणि सामना गमावला. अपराजित हंगाम गेला. शिवाय त्या विजयाच्या आधाराने जेट्स प्लेऑफमध्ये आले. पुढच्याच आठवड्यात पेट्रियट्सने उलट केले : स्थान पक्के असूनही वेस वेल्करला खेळवले, त्याचा गुडघा गेला आणि प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात बाल्टिमोरने त्यांना घरच्या मैदानावर 33-14 ने हरवले. कोल्ट्स मात्र सुपर बोलपर्यंत गेले, तेथे हरले. कोणता निर्णय बरोबर, हे निकालावरून सांगता येत नाही.

हंगामाच्या मध्यावर केलेली भरतीही कधी वाचवते. क्लीव्हलंड ब्राउन्सने 2023 मध्ये पाच क्वार्टरबॅकना सुरुवातीपासून उतरवले. डेशॉन वॉटसनचा खांदा गेल्यावर नोव्हेंबरमध्ये 38 वर्षांचा, कोणत्याच संघात नसलेला जो फ्लॅको आधी सराव पथकात घेतला गेला. त्याने पाचपैकी चार सामने जिंकून संघ प्लेऑफमध्ये नेला.

खेळाडूचे शरीर : या सगळ्या गणितात जो आकडा लिहिला जात नाही तो खेळाडूचा. एनएफएलमधले बरेचसे करार पूर्ण हमीचे नसतात. जागा गेली तर परत मिळेलच असे नाही, म्हणून वेदना लपवून खेळण्याकडे कल असतो. संघांनी दर आठवड्याला कोण कितपत सराव करतो आणि कोणाचे खेळणे ‘शंकास्पद’ आहे हे जाहीर करायचे असते, पण दोन सामन्यांपुरते सुन्न केलेले दुखणे त्या कागदावर दिसत नाही.

वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन तिसरा हे याचे सर्वांत दुःखद उदाहरण वाटते. 2012 चा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू. डिसेंबरमध्ये गुडघा दुखावला, तरी 6 जानेवारी 2013 ला सिएटलविरुद्धच्या प्लेऑफमध्ये तो उतरला. संघाने 14-0 अशी आघाडी घेतली. मग तो लंगडू लागला, साऱ्या मैदानाला ते दिसत होते, आणि त्याला ठेवले गेले. चौथ्या सत्रात चेंडू उचलायला वाकताना गुडघा पूर्ण दुमडला. बाकावर कर्क कझिन्स होता, 2012 मध्येच चौथ्या फेरीत, नेमका अशा वेळेसाठी निवडलेला. सामना 24-14 ने गेला, पुढच्या वर्षी संघ 3-13 झाला आणि ग्रिफिनला पहिल्या वर्षीचा वेग पुन्हा कधी गवसला नाही. निर्णयाची तयारी होती. निर्णय घेतला गेला नाही.

डोक्याच्या दुखापतींबाबत आता प्रशिक्षकाचा शब्द शेवटचा नसतो. मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूला टप्प्याटप्प्याने तपासून, संघाबाहेरच्या तज्ज्ञाच्या मान्यतेनंतरच परत घेतात. 2022 च्या हंगामात मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ याच कारणाने बफलो बिल्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये खेळला नाही. मायामी तीन गुणांनी हरली.

त्याच हंगामात, 2 जानेवारी 2023 च्या रात्री, सिनसिनाटीत बिल्सचा डमार हॅम्लिन एका खेळाडूला पाडून उठला आणि कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते; मैदानावरच ते पुन्हा चालू केले गेले. दोन्ही संघ मैदान सोडून आत गेले. अव्वल क्रमांकाचा निकाल ज्यावर टांगलेला होता, तो सामना लीगने पुन्हा खेळवलाच नाही : दोन्ही संघांचे 16 सामने धरले आणि बफलो व कॅन्सस सिटी कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत भेटले तर तटस्थ मैदानावर खेळतील असे ठरवले. तशी वेळ आली नाही, कारण बफलो त्याआधीच सिनसिनाटीकडून हरले. हॅम्लिन 2023 च्या हंगामात पुन्हा बिल्सकडून मैदानात उतरला.